जीसीसी: जुन्या-नव्या दोन्ही कंपायलरवर चालणारं सी लिहायचं असेल तर घ्याच

दारव्ह्याच्या आमच्या क्लासची पोरं घरी जीसीसी (सी भाषेतला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारा कंपायलर) वापरतात, पण प्रॅक्टिकल जुन्या 16 बिट कंपायलरवर. मी लिहिलेल्या कापसाच्या पट्टीच्या (विक्रीच्या हिशेबाच्या) प्रोग्रामात 5 क्विंटल गुणिले 8000 चे 40000 यायला पाहिजे होते, तिथं आले उणे 25536! त्या कंपायलरच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायच्या साध्या प्रकारात) 32767 च्या वर मावतच नाही. सगळे आकडे लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) घेतले, तेव्हा जमलं. लाँग किमान 32 बिट, ही हमी सी भाषेच्या 1989 च्या मानकातच आहे.

तेव्हापासून जीसीसी 'सी 89' (तेच 1989 चं मानक) आणि 'पेडँटिक एरर्स' (मानकाबाहेरचं दिसलं की चूक दाखवणारा पर्याय) लावूनच चालवतो. ब्लॉकच्या मधात व्हेरिएबल जाहीर केलं की लगेच अडवतो. दोन तिरप्या रेघांची कॉमेंटही खपवून घेत नाही. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही मस्त चालतो. कोनिओ हेडर (जुन्या डॉस कंपायलरची स्क्रीन-कीबोर्डसाठीची फाइल) मात्र लिनक्सवर मिळत नाही, त्याची सवय पोरांना लावूच नका.