स्क्रिव्हनर : चौदा महिने आणि एक कादंबरी

माझी पहिली कादंबरी मी ‘स्क्रिव्हनर’ या लेखकांसाठीच्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये आखली, लिहिली, तीनदा पुन्हा लिहिली आणि अखेरीस कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या आधाराशिवाय स्वतः प्रकाशित केली. या सगळ्याला चौदा महिने लागले. हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये प्रथम मॅकसाठी आले आणि २०११ मध्ये विंडोजसाठी उपलब्ध झाले; मी विंडोजवरील तिसरी आवृत्ती वापरली. स्वतंत्रपणे कादंबरी काढू पाहणाऱ्याला ते कुठपर्यंत साथ देते, हे सविस्तर नोंदवावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

साध्या वर्ड फाइलमध्ये कादंबरी ही एक लांबलचक गुंडाळी असते, तर येथे ती सुट्या दृश्यांची बनते आणि प्रत्येक दृश्य डावीकडच्या ‘बाइंडर’मध्ये, म्हणजे प्रकल्पातील सर्व भागांच्या यादीत, स्वतंत्र दिसते. माझ्या कादंबरीत शेवटी ३१ प्रकरणे, ९६ दृश्ये आणि सुमारे ८४,००० शब्द झाले. जुने पत्र सापडण्याचे दृश्य मी आधी बाविसाव्या प्रकरणात ठेवले होते. ते सातव्यात आणून पाहिल्यावर कथेचे सगळे वजनच बदलले, कारण पात्रांना जे ठाऊक नव्हते ते वाचकाला आता दीडशे पाने आधी कळत होते. दृश्य उचलून हलवायला एक क्षण लागला. त्यामुळे मधल्या चौदा दृश्यांतील संवाद सुधारायला पाच आठवडे लागले. तरीही हलवणे इतके सोपे नसते, तर हा प्रयोग करण्याचे धाडस मला झाले नसते, असे मी खात्रीने सांगू शकतो.

कथा बहीण आणि भाऊ अशा दोन निवेदकांकडून येते. दोघांच्या दृश्यांना मी वेगवेगळ्या रंगांची लेबले दिली होती. पहिला खर्डा संपल्यावर ‘कॉर्कबोर्ड’वर, म्हणजे प्रत्येक दृश्य एका लहान कार्डाच्या रूपात दाखवणाऱ्या फलकावर, सर्व कार्डे एकत्र पाहिली, तेव्हा भावाचा रंग सलग अकरा दृश्यांत कुठेच नव्हता. वाचताना मधला भाग रेंगाळतो आहे एवढेच जाणवत होते. त्याचे कारण मात्र त्या फलकावर दिसले. कथेतील तारखांसाठी मी ‘आउटलाइनर’मध्ये, म्हणजे दृश्यांच्या तक्त्यात, वेगळा रकाना केला होता. सर्व तारखा एकाखाली एक आल्यावर एका पात्राचे गरोदरपण अकरा महिने चालले असल्याचे लक्षात आले. ही चूक छापील पुस्तकात गेली असती, तर ती मला आयुष्यभर सलत राहिली असती.

आखणीच्या बाबतीत मात्र सावध राहावे, असे मी सुचवेन. कार्डे लिहिणे इतके सुखाचे असते की मी पहिले तीन आठवडे तेच करत राहिलो. त्या सत्तर कार्डांपैकी निम्म्याहून अधिक घटना प्रत्यक्ष लेखनात आल्याच नाहीत.

पुनर्लेखनात ‘स्नॅपशॉट’ची सोय मला सर्वाधिक मोलाची वाटली. दृश्याला हात लावण्यापूर्वी त्याची प्रत जपून ठेवता येते आणि नंतर जुना व नवा मजकूर ताडून पाहता येतो. आवडती वाक्ये कापताना हात अडखळतो. ती कुठेतरी सुरक्षित आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी जवळजवळ १२,००० शब्द कापू शकलो, आणि त्यांतील फार थोडे परत घेतले.

स्क्रिव्हनरचा प्रकल्प ही एकच फाइल नसून अनेक लहान फाइलींचा संच असतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. मी तो क्लाउडवर ठेवला होता आणि एकदा सिंक, म्हणजे बदल दोन्ही संगणकांवर जुळण्याची प्रक्रिया, पूर्ण होण्याआधीच घाईने दुसऱ्या संगणकावर उघडला. दोन दृश्यांच्या परस्परविरोधी प्रती तयार झाल्या आणि एका संध्याकाळचे लेखन मला बॅकअपमधून शोधून काढावे लागले. त्यानंतर एका संगणकावर प्रकल्प बंद करून सिंक संपल्याची खात्री केल्याशिवाय तो दुसऱ्यावर उघडायचा नाही, हा नियम मी मोडला नाही.

संपादनाचा टप्पा आला तेव्हा मार्ग बदलला. माझ्या संपादक वर्डमध्ये प्रत्येक बदल खुणेसह दाखवणारी ‘ट्रॅक चेंजेस’ची सोय लावून काम करतात, म्हणून मी ‘कंपाइल’ करून, म्हणजे सर्व दृश्ये एका फाइलमध्ये जोडून, त्यांना वर्ड फाइल दिली. येथे माझ्याकडून एक चूक झाली : किरकोळ दुरुस्त्या मी दोन आठवडे स्क्रिव्हनरमध्येही करत राहिलो, आणि मग दोन संहिता ओळीओळीने जुळवत बसावे लागले. संहिता संपादकाकडे गेली की मूळ प्रकल्प गोठवावा आणि पुढचे सर्व काम एकाच फाइलमध्ये करावे.

छापील पुस्तकाची मांडणी मी पान-मांडणीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये केली. मी निवडलेल्या मागणीनुसार छपाईच्या सेवेत ३०० पानांपर्यंत बांधणीकडचा समास किमान अर्धा इंच आणि त्यापुढे ०.६२५ इंच लागतो. पहिल्या मांडणीत २९६ पाने होती. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून अक्षर थोडे मोठे केले, तर ती ३१८ झाली. समास बदलला, आणि पुस्तकाच्या कण्याची जाडी ०.७४ वरून जवळपास ०.८ इंचांवर गेल्याने मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा करावी लागली. पानांची संख्या पक्की होईपर्यंत मुखपृष्ठकाराकडून पूर्ण मुखपृष्ठ मागवू नये.

ई-पुस्तकाची ईपब फाइल मी स्क्रिव्हनरमध्येच केली. त्यासाठी मात्र संपादित मजकूर प्रकरणवार पुन्हा आत आणला. फोनवर तपासताना असे दिसले की दृश्ये केवळ रिकाम्या ओळीने वेगळी केली, तर ती ओळ पानाच्या टोकाला आल्यावर हरवते आणि दोन दृश्ये एकमेकांना चिकटतात. त्यामुळे मी दृश्यांमध्ये तीन तारका घातल्या.

चाचणी आवृत्ती तीस दिवसांची असली, तरी प्रत्यक्ष वापराचेच दिवस मोजले जातात. आठवड्यातून दोन दिवस वापरल्यास ती पंधरा आठवडे पुरते. ते दिवस कोऱ्या कल्पनेवर घालवण्याऐवजी हाताशी असलेला एखादा अडलेला खर्डा आत घ्यावा, त्याचे दृश्यांत तुकडे करावेत आणि त्यांचा क्रम बदलून पाहावा. सरळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिणाऱ्या आणि क्रमाला क्वचितच हात लावणाऱ्या लेखकाचे काम वर्डवरही उत्तम भागेल.