पाणी उडवून दाखवलेला कॅमेरा वेगळाच होता

दिवे घाट चढताना माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्या फोटोंसाठी मी गेली अकरा वर्षं कऱ्हाडहून येते. आषाढातला पाऊस घाटात सरळ पडत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो, कधी दरीतून वरही चढतो. तरी अकरा वर्षांत माझा एकही कॅमेरा पावसाने गेला नव्हता. साडीच्या दुकानात मिळते ती जाड पारदर्शक पिशवी मी घ्यायचे, तळाला लेन्सच्या मापाचं भोक पाडायचे, हूडवर दोन रबरबँड आवळायचे आणि मागच्या तोंडातून हात आत घालून फोटो काढायचे. मागच्या वर्षी ती पिशवी मी घरी ठेवून गेले.

लग्नाच्या हंगामानंतर माझी जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दमली होती. नवी परवडत नव्हती, म्हणून निकॉन डी ५०० जुन्यात शोधत होते. एका ओळखीच्या फोटोग्राफरने शहरातल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. धाकट्या भावाला घेऊन गेले. विक्रेता बोलायला अतिशय मोकळा. चहा मागवला, माझ्या कामाची चौकशी केली, वारीचं ऐकून हात जोडले. मग म्हणाला, "ताई, वारीसाठी घेताय ना? मग हे बघाच."

त्याने कॅमेऱ्याला माझीच ७०-२०० लेन्स लावली. केस कापताना न्हावी मारतो तसल्या फवाऱ्याच्या बाटलीने वरून, बाजूने, डायलवर, फ्लॅशच्या खाचेवर पाणी मारलं. थेंब ओघळत होते. कपड्याने पुसून कॅमेरा माझ्या हातात दिला. मी माझं कार्ड घालून दुकानातच तीन फोटो काढले. तिन्ही छान आले. "शटर फक्त १८ हजार झालंय, म्हणजे तेवढेच फोटो काढलेत, आणि आजवर पावसात गेलेला नाही," तो म्हणाला. "प्लास्टिक गुंडाळायचे दिवस गेले, ताई."

५८ हजार ठरले. मी कार्ड काढून घेतलं, लेन्सही काढून घेतली. "सेन्सर साफ करून, आतला ओलावा काढून देतो," म्हणत तो बॉडी आतल्या खोलीत घेऊन गेला. दहा-बारा मिनिटांनी खोक्यात घालून, पट्टी चिकटवून आणली. बिलावर लिहिलं होतं, 'जुना कॅमेरा, जसा आहे तसा.' सिरीयल नंबरची जागा रिकामी होती. मी ते वाचलं होतं, पण विचारलं नाही. समोर पाणी मारून दाखवलेल्या वस्तूबद्दल संशय घ्यायचा कशाला, असं वाटलं.

तीन आठवडे कॅमेरा चालला. एक साखरपुडा, दोन बारशी, सगळं छपराखाली. मग पालखी पुण्याहून सासवडला निघाली त्या दिवशी मी घाटात उभी राहिले. साधी भुरभुर होती, मुसळधार नव्हे. अर्ध्या-पाऊण तासात वरच्या छोट्या पडद्याच्या आतून धुकं धरलं. मग डायल न फिरवता आकडे बदलायला लागले. मग कॅमेरा बंद पडला. रथ अजून खालच्या वळणावर होता.

एक गोष्ट मी बरोबर केली. बॅटरी तिथल्या तिथे काढली आणि पुन्हा चालू करून पाहिलं नाही. ओल्या कॅमेऱ्यात वीज फिरली की सर्किट जळतं आणि धातू झपाट्याने खराब होतो. शेजारच्या एकाने तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. ते करू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, त्याची पूड मात्र फटींत शिरते. मी कार्ड काढलं, सगळी झाकणं उघडी ठेवली आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळून आणला. घरी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवला.

चार दिवसांनी दुरुस्तीच्या कारागिराने माझ्यासमोर तो उघडला. या कामात त्याची पंचवीस-तीस वर्षं गेली आहेत. त्याने भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, तुम्हीच बघा. बॉडीचे दोन भाग जुळतात तिथे रबराची बारीक किनार असायला हवी. काही ठिकाणी ती नव्हतीच, काही ठिकाणी तुटून दुमडलेली होती. एक स्क्रू दुसऱ्याच कुठल्या कॅमेऱ्याचा. बोर्डाच्या कडेला, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. "हा चार दिवसांतला नाही," तो म्हणाला. "कॅमेरा आधीच एकदा पाण्यात गेलाय. कुणीतरी उघडून, पुसून, चालू करून विकलाय." दुरुस्तीचा अंदाज त्याने ४१ हजार सांगितला, तोही खात्रीशिवाय.

मला वाटलं, विक्रेत्यालाही माहीत नसेल. पण मग पाणी मारलं तेव्हा हा कॅमेरा टिकला कसा? रात्री जुनं कार्ड लावून ते तीन फोटो उघडले. प्रत्येक फोटोत कॅमेरा स्वतःची माहिती नोंदवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. एक्झिफटूल नावाची मोफत प्रणाली आहे, तिच्यात निकॉनच्या फोटोतला बॉडीचा सिरीयल नंबर दिसतो आणि शटर किती वेळा पडलं तेही दिसतं. दुकानातल्या तीन फोटोंचा नंबर आणि माझ्या हातातल्या बॉडीचा नंबर वेगळा होता. दुकानातल्या फोटोंवर शटर १८ हजारांच्या घरात. कॅमेरा घेतला त्याच संध्याकाळी घरी काढलेल्या पहिल्या फोटोवर ९६ हजारांच्या वर. एका दुपारी शटर ७८ हजार वेळा पडत नाही. आतल्या खोलीत कॅमेरा बदलला होता. मी त्या रात्री झोपले नाही. पैशांपेक्षा त्याचे जोडलेले हात डोळ्यांसमोरून जात नव्हते.

दुकानात गेले तेव्हा तोच माणूस, आवाज मात्र दुसरा. "पाण्यात गेलेल्या वस्तूची जबाबदारी नसते. बिल वाचा." नंबर दाखवले, तर म्हणाला मदरबोर्ड बदलला असेल. बोर्ड बदलल्यावर नंबर कधी कधी जुळत नाही, हे खरं आहे. पण मी घेतला त्या दुपारी आतल्या खोलीत बोर्ड बदलून झाला का, या प्रश्नावर तो उठून आत गेला.

पोलिसांत अर्ज दिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी दुकानाच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत तिन्ही मूळ फोटो, घरचा पहिला फोटो, बिल आणि कारागिराचं लेखी म्हणणं जोडलं आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेले चालत नाहीत, त्यातली माहिती पुसली जाते. मूळ फाइलच लागते. प्रकरण अजून चालू आहे.

जुना कॅमेरा घेणार असाल तर स्वतःचं कार्ड न्या, फोटो काढा आणि पैसे देण्याआधी फोटोतला नंबर बॉडीवर छापलेल्या नंबरशी ताडून बघा. लॅपटॉप न्यायचा कंटाळा करू नका. नंबर बिलावर लिहून घ्या. त्यानंतर कॅमेरा नजरेआड जाऊ देऊ नका, साफसफाईसाठीसुद्धा नाही.

आणि 'वेदर सील्ड', म्हणजे पाऊस-धूळ आत जाऊ नये म्हणून फटी रबराने बंद केलेला, या शब्दावर पिशवी घरी ठेवू नका. बहुतेक कंपन्या त्यापुढे कुठला आकडा देत नाहीत, आणि पाण्याने बिघडलेल्या कॅमेऱ्याला सहसा वॉरंटीही लागू होत नाही. ओएम-१ सारख्या काही कॅमेऱ्यांना आयपी ५३ असा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आहे. त्यातला ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपं पडणारं पाणी. घाटातला वारा अंश मोजत नाही. रबर वर्षांनुवर्षं दबून कडक पडतं, आणि कॅमेरा एकदा उघडला की ते नीट बसलंय का हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, फवारा मारूनही नाही.

या वर्षी मी जुनी दमलेली बॉडी साडीच्या पिशवीत घालून घाटात उभी होते. रथ वर आला, बैलांच्या पाठीवरून वाफ निघत होती, फोटो मिळाले. तो १८ हजारवाला चांगला कॅमेरा मात्र अजून त्या काउंटरवरच असेल, कुणासमोर तरी त्याच्यावर पाणी मारलं जात असेल.