न निवडलेला मंगळ : पर्सिव्हरन्सच्या कच्च्या छायाचित्रांच्या सेवेविषयी

नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरील जेझेरो विवरात उतरला. तेव्हापासून त्याच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली छायाचित्रे पृथ्वीवर पोचली की निवड वा सजावट न करता नासाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली केली जातात. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि नावनोंदणीही करावी लागत नाही. छायाचित्रांच्या या संग्रहाला जोडूनच रोव्हर सध्या कुठे आहे हे दाखवणारा नकाशाही आहे. मी दोन्ही नियमितपणे पाहत आलो आहे आणि माझे मत असे की, जो आधी नकाशा उघडतो त्यालाच छायाचित्रांचा खरा लाभ होतो.

नकाशा उत्तमच आहे. कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांवर रोव्हरचा सारा मार्ग रेषेने आखलेला असून प्रत्येक मुक्कामाच्या जागी बिंदू दिलेला आहे. सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात अब्जावधी वर्षांपूर्वी सरोवर होते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या नदीने तेथे गाळाचा त्रिभुज प्रदेश रचला, हे आपण बातम्यांत वाचलेले असते; पण त्या प्रदेशाच्या इतक्या जवळ उतरूनही रोव्हर थेट तिकडे न वळता आधी दक्षिणेला का गेला, याचे उत्तर रेषा पाहताक्षणी मिळते. मध्ये सेइताह नावाचा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा आहे आणि रोव्हरने त्याला वळसा घातलेला आहे.

छायाचित्रांचा संग्रह मात्र सुपात न पाखडलेल्या धान्यासारखा आहे. एकाच दगडाची, एकाच चाकाची, जवळजवळ सारखी दिसणारी डझनावारी चित्रे ओळीने येतात. दिशादर्शक कॅमेऱ्याचे मोठे चित्र अनेकदा तुकड्यातुकड्यांनी येते आणि ते तुकडे जोडण्याचे काम पाहणाऱ्यावर राहते. चित्राखालच्या मजकुरात कॅमेरा, तारीख, सोल म्हणजे मंगळावरील दिवसाचा क्रमांक आणि तेथील स्थानिक वेळ एवढेच असते. समोरचा खडक कोणता आणि तो का टिपला, याबद्दल चकार शब्द नसतो. फाइलचे नाव वाचायला शिकल्यास पुष्कळ उलगडा होतो. आरंभीची अक्षरे कॅमेरा आणि त्याचा डावा-उजवा डोळा सांगतात, त्यापुढचे चार अंक सोल सांगतात आणि नंतरचा लांबलचक आकडा हा यानाच्या घड्याळातील सेकंदांचा असतो. हे सारे इंग्रजीत आहे, त्यामुळे मराठी माध्यमाच्या शाळेत दाखवायचे तर शिक्षकाला शेजारी उभे राहून सांगावेच लागेल.

तरीही ही सेवा मला मोलाची वाटते, कारण निकाल लागण्यापूर्वीचा काळ तिच्यात दिसतो. ऑगस्ट २०२१ मध्ये खडकाचा नमुना घेण्याचा पहिला प्रयत्न फसला; छिद्र पडले होते, नळी मात्र रिकामी निघाली. सप्टेंबरच्या आरंभी रोशेट नावाच्या खडकावर दुसरा प्रयत्न झाला, तेव्हा पहिल्या चित्रांत नळीत खडकाचा तुकडा स्पष्ट दिसत होता, पण पुढच्या चित्रांत प्रकाश असा पडला की तो आत आहे की नाही हे शास्त्रज्ञांनाही छातीठोकपणे सांगता येईना. उजेड बरा असताना नळी पुन्हा टिपली गेली आणि मगच शंका फिटली. रोव्हरसोबत मंगळावर गेलेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरचेही तसेच झाले. १८ जानेवारी २०२४ रोजी त्याचे ७२वे आणि शेवटचे उड्डाण झाले, त्यानंतर वाळूवर पडलेल्या त्याच्या पात्याच्या सावलीचे टोक तुटलेले दिसले. वृत्तपत्रात आपल्याला तयार बातमी मिळते. येथे आधी सावली दिसते आणि अर्थ नंतर कळतो.

ज्यांना हा विलंब सोसत नाही त्यांनी या वाटेला न गेलेलेच बरे. चेयावा फॉल्स या ठिपकेदार खडकाची चित्रे जुलै २०२४ मध्ये आली, आणि त्यातील ठिपके प्राचीन सूक्ष्मजीवांची संभाव्य खूण असू शकतात, असे सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडले. शिवाय मंगळ सूर्याच्या पलीकडे गेला की सुमारे दोन आठवडे रोव्हरला आज्ञा पाठवणे थांबवतात आणि संग्रहातही फारसे काही येत नाही. तो बिघाड नव्हे.

लोणारच्या काठावर उभे राहून खालचे सरोवर एका नजरेत पाहिलेल्या वाचकाची येथे एक निराशा होते. लोणारचा व्यास जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटर असल्याने विवर म्हणजे वाटी हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. जेझेरो त्याच्या वीसपटींहून रुंद असल्यामुळे तळाच्या चित्रांत त्याचा काठ क्षितिजावरच्या डोंगररांगेसारखा दिसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये रोव्हरने पश्चिमेचा काठ चढायला घेतला आणि सुमारे ५०० मीटरांची चढण पार करून तो डिसेंबरमध्ये माथ्यावर पोचला. म्हणून नवख्याने पहिल्या सोलपासून आरंभ करू नये. नकाशावर ही चढण शोधावी आणि सोल १२८० पासून १३५० पर्यंतची, मागे वळून घेतलेली चित्रे आधी काढावीत. हे काम संगणकाच्या मोठ्या पडद्यावरच करावे, कारण नकाशा आणि चित्रे शेजारी-शेजारी उघडी ठेवायची तर मोबाइलचा पडदा पुरत नाही.