साइड एअरबॅग पुरे की कर्टनही हवी?

भुसावळचे दाजी नव्या गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये अडकलेत. एकात फक्त पुढच्या सीटमधल्या साइड एअरबॅग, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला कर्टन, म्हणजे पडद्यासारखी एअरबॅगही. सनरूफचं कौतुक बाजूला ठेवू.

वाचतं काय? सीटमधली पिशवी बाहेरच्या कडेतून फुगते आणि छाती-बरगड्या सांभाळते. डोकं बहुधा उघडंच. कर्टन छताच्या कडेतून उतरून काचेवर पडदा धरते. बाजूने धडक बसली तर दार आणि माणूस यांत वीतभरच जागा, म्हणून ती साधारण 20-30 मिलिसेकंदांत फुगावी लागते. वरणगावकडे जाताना फाट्यावर केळीचा ट्रक आडवा घुसला, तर त्याचं तोंड थेट डोक्याच्या उंचीला! तिथे कर्टनच कामाची. बऱ्याच गाड्यांत ती काही सेकंद फुगलेली राहते, उलटापालटीतही आधार देते. शिवाय मागच्या सीटवाल्यांनाही.

सांभाळायला सीटवाली नाजूक. बाजारात शिवून घेतलेलं जाड कव्हर तिची वाट अडवतं. कर्टनला कव्हरचं काही नाही, फक्त वरच्या हँडलला हँगर टांगू नका.

खर्चाचं म्हणाल तर दोन्ही एकदाच कामाच्या, फुगली की बदलायचीच. पट्टा मात्र दोन्हीकडे लावायचाच.

एकट्याने गावातल्या गावात फिरायचं तर पहिलं व्हेरियंट चालेल. मागे आई-पोरं आणि धुळे-जळगाव हायवे नेहमीचा असेल, तर थोडे जास्त मोजा, कर्टनवालंच घ्या.