फोटोग्राफीचा क्लास: पैसे कुठे वसूल होतात, कुठे पाण्यात जातात

पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारच्या फोटोग्राफी वर्कशॉपची जाहिरात साधारण एकाच साच्यातली असते. 'ऑटो मोडमधून बाहेर पडा', दोन दिवस, चहा-नाश्ता, शेवटी सर्टिफिकेट. शिवाय रविवार सकाळचे फोटोवॉक आहेत, हिवाळ्यात भिगवणच्या पक्ष्यांच्या सहली आहेत आणि रेकॉर्ड केलेले ऑनलाइन कोर्स तर ढीगभर. यातल्या कशात खरंच हात बसतो, त्याचा हा हिशेब. क्लासची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच क्लासची एक बॅच उत्तम आणि पुढची टाकाऊ निघते, कारण शिकवणारा बदललेला असतो.

आधी भाव काढू. समजा फी ५००० रुपये आणि वेळ १२ तास. म्हणजे तासाला सव्वाचारशेच्या आत, स्वस्तच वाटतं. आता त्यातून ओळखपरेड, कॅमेऱ्याचा इतिहास, स्लाइड, जेवण आणि ग्रुप फोटो वजा करा. कॅमेरा हातात असण्याचे साडेतीन तास उरतात. तुमचा स्वतःचा फोटो पडद्यावर उघडून शिक्षक त्यावर बोलला, तो वेळ पाच मिनिटं. फी या दोन आकड्यांची असते, बाकीचं यूट्यूबवर फुकट पडलंय. त्यामुळे फोनवर विचारायचे प्रश्न दोनच: बॅचमध्ये किती जण, आणि आमचे फोटो किती वेळ तपासणार? 'तसं ठरलेलं नसतं' असं उत्तर आलं, तर तपासणार नाहीत असंच समजा.

दोन दिवसांच्या बेसिक वर्कशॉपमध्ये अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवायचा) यांचा त्रिकोण फळ्यावर काढतात. त्रिकोण चुकीचा नाही, पण तो पाहून कुणाला काही उमगल्याचं दिसत नाही. चांगला शिक्षक सरळ पंख्याकडे बोट दाखवतो. खोलीत दोन ट्यूब चालू, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) १८ मिमीवर, एफ ४, आयएसओ १६००, शटर १/६०: फोटोचा उजेड साधारण बरोबर येतो आणि पंख्याची पाती पुसट, पसरलेली दिसते. तोच फोटो १/१००० ला काढा. पाती जवळपास थांबते, फक्त टोकं किंचित ओघळलेली राहतात, पण फोटो काळाकुट्ट येतो. मग १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असं बोटावर मोजायचं. चार पायऱ्या चढलो, प्रत्येक पायरीला उजेड निम्मा झाला. तो भरून काढायला आयएसओ १६०० वरून २५६०० वर न्यावा लागतो, आणि तिथे फोटोत रवा सांडल्यासारखा नॉईज दिसतो. अशी एक पायरी म्हणजे एक 'स्टॉप', हे या दहा मिनिटांत कळतं, ते चाळीस स्लाइडमध्ये कळत नाही.

याच प्रयोगात हमखास एक गोंधळ होतो. १/५०० च्या पुढे गेल्यावर कुणाच्या तरी फोटोत आडवे काळे-पिवळे पट्टे येतात आणि कॅमेरा बिघडला असं वाटून त्याचा चेहरा पडतो. कॅमेरा शाबूत असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी किंवा जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते आणि वेगवान शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात. मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते आधी बंद करायचं. हे ज्या शिक्षकाला जागेवर सांगता येत नाही, त्याने मंगल कार्यालयात फारसं काम केलेलं नसावं.

दुसरी कसोटी 'बॅकग्राउंड ब्लर'ची. अर्धी बॅच त्याच मोहाने आलेली असते आणि हातात १८-५५ ची किट लेन्स असते. ती ५५ मिमीवर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नाही. कच्चा शिक्षक लगेच ५० मिमी एफ १.८ घ्यायला सांगतो. लेन्स चांगली आहे, स्वस्तही आहे, पण आधी शिकवायची गोष्ट वेगळीच आहे. समई भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवलीत तर कुठलीही लेन्स मागची भिंत फारशी विरघळवत नाही. तीच समई भिंतीपासून चार मीटर पुढे आणा, कॅमेरा समईच्या जितका जवळ फोकस होईल तितका न्या, आणि किट लेन्सवरही भिंत लोण्यासारखी होते. उलट ५० मिमी एफ १.८ ने दीड मीटरवरून चेहरा टिपला तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) नीट दिसणारी खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. म्हणजे डोळा टोकदार, कान पुसट. फोकस घेतल्यावर समोरचा हसताना जरा मागे झुकला की डोळाही गेला. एफ ८ ला हीच खोली सत्तावीस सेंटीमीटरच्या आसपास जाते. हे दोन फोटो एकाच माणसाचे, एकाच जागी काढून घेणारी बॅच मिळाली तर फी द्यायला हरकत नाही.

मीटरिंगवर, म्हणजे कॅमेरा उजेड कसा मोजतो त्यावर, बहुतेक वर्कशॉपमध्ये पाच मिनिटं बोलतात. इथे मात्र तासभर खर्च व्हायला हवा. त्यासाठी पांढरा टॉवेल आणि काळी छत्री पुरते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) लावायची, आधी टॉवेल पूर्ण फ्रेमभर घ्यायचा, मग छत्री. दोन्ही फोटो सारखेच करडे येतात, कारण मीटर समोरची प्रत्येक गोष्ट मधल्या करड्या रंगाची आहे असं गृहीत धरतो. टॉवेल पांढरा दिसायला कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करणं) +१ ते +१.५, छत्री काळी दिसायला -१ ते -१.५. पांढऱ्या साडीतली नवरी करडी का येते आणि काळ्या पडद्यापुढचा गायक भुतासारखा पांढराफटक का येतो, हे दोन्ही इथेच सुटतं.

रविवारचा फोटोवॉक हा प्रकार स्वस्त आणि मजेचा, पण शिकण्याच्या दृष्टीने बेभरवशाचा. पंचवीस जण एकत्र निघाले की मंडईतल्या एका भाजीवाल्यापुढे पंचवीस लेन्स रोखल्या जातात. तो अवघडतो, फोटो मेलेला येतो. दहाच्या वर माणसं असतील तर सोडून द्या.

पुण्यातले बहुतेक वॉक महात्मा फुले मंडई आणि कसबा पेठेतली तांबट आळी घेतात, आणि जागांची निवड अगदी योग्य आहे. १८८६ सालच्या मंडईच्या दगडी इमारतीत सकाळी उजेड वरून आणि बाजूने तिरका येतो, मधले गाळे अंधारात राहतात. फरक इतका असतो की एकाच फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. उजेडातला चेहरा धरायचा आणि बाकीचं काळं जाऊ द्यायचं, हा निर्णय घ्यायला तिथे शिकता येतं. तांबट आळीत ठोकणाऱ्याचा हातोडा १/६० ला वाहता येतो, १/५०० ला हवेत गोठतो. दोन्ही काढून पाहावेत, कारण वाहत्या हातोड्यात आवाज दिसतो आणि गोठलेल्यात नुसता हातोडा. भट्टी पेटलेली असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल कॅमेऱ्याने आपोआप लावणं) तिचा नारिंगी रंग धुऊन टाकतो. तो ५२०० केल्व्हिनच्या आसपास हाताने लावायचा. आणि आधी विचारायचं, मग कॅमेरा उचलायचा. ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे, सेट नव्हे.

चांगल्या वॉकची खूण म्हणजे बंधन. झूमची रिंग ३५ मिमीवर चिकटपट्टीने बांधायची आणि दोन तासांत फक्त ३६ फोटो, जुन्या रोलइतके. ज्याला जवळचं हवं, त्याने पायांनी जवळ जायचं. ज्या वॉकमध्ये लोक सातशे फोटो घेऊन घरी जातात, तिथे शिकणं कमी आणि हार्ड डिस्क भरणं जास्त होतं.

भिगवणची सहल सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त फसवी, म्हणून थोडं सविस्तर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर, उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी, कुंभारगाव किंवा डिकसळहून मच्छीमारांच्या होड्या. जाहिरातीत रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा असतो. रोहित उथळ पाण्यात, चिखलात चरणारा पक्षी. चांगल्या पावसानंतर धरण काठोकाठ असेल तर नोव्हेंबरात त्याला उतरायला जागाच नसते. पाणी ओसरून चिखल उघडा पडला की पक्षी दिसतात, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या बॅच बऱ्या. नोव्हेंबरच्या बॅचमध्ये नाव घालण्याआधी आयोजकाला पाण्याची पातळी विचारा. जो होडीवाल्याला फोन करून सांगतो, तो कामाचा.

होडीत किती जण, हा दुसरा प्रश्न. चार ठीक. सहा झाले की मधल्या दोघांच्या फोटोत पुढच्याच्या टोपीची कड येते. ट्रायपॉड घरी ठेवा. मोटार चालू असताना लेन्स होडीच्या काठावर टेकवायची नाही, इंजिनाची थरथर लाकडातून थेट लेन्समध्ये उतरते. कोपर अंगाला दाबून धरायचं, १५०-६०० सारखी लेन्स दोन किलोच्या घरातली आहे आणि तासाभरात दंड भरून येतो. भाड्याने आणली असेल तर आदल्या संध्याकाळी घरच्या गच्चीवरून ६०० मिमीला कावळे टिपून पाहा. फोकस अडकत असेल तर ते होडीत कळून उपयोग नाही.

सेटिंग सांगायची तर उडत्या सुरयांसाठी (टर्न पक्ष्यांसाठी) १/२००० च्या खाली येऊ नका, चालत्या रोहिताला १/१००० पुरतं. फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्याच्या मागे सतत जाणारा. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ३२०० किंवा तुमचा कॅमेरा सोसेल तितकी. आणि इथे टॉवेलचा धडा उलटा होतो. गडद पाण्यावर एकच पांढरा पक्षी लहान दिसत असेल तर मीटर पाणी पाहून उजेड वाढवतो, पिसं जळतात आणि जळलेलं पांढरं रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही. म्हणून -०.७ ते -१. पांढरा म्हणजे नेहमी प्लस, हे पाठ करून आलेले लोक इथे हटकून फसतात. शिक्षक होडीतच हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उघडून दाखवत असेल तर तो घेतलेल्या फीचं काम करतोय असं म्हणायला हरकत नाही.

साडेनऊनंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. दूरचा पक्षी मग कितीही महाग लेन्सने काढा, गरम तव्यावरून पाहिल्यासारखा लिबलिबीत येतो. त्यावर उपाय एकच, जवळचं काढा किंवा काठावर या. 'सकाळी आठला बोटिंग' असं वेळापत्रक असेल तर चांगल्या उजेडाचा तास रस्त्यावर गेलेला असतो. सूर्य उगवताना होडी पाण्यात हवी आणि सूर्य पाठीशी. शिवाय कुरवांना (गल पक्ष्यांना) शेव-फरसाण टाकून गोळा करायला लावणारा आयोजक असेल तर पुन्हा त्याच्याबरोबर जाऊ नये. तसले फोटो सगळ्यांचे एकसारखेच येतात, आणि पक्ष्याचं पोट फरसाणासाठी नसतं.

कॅमेरा कंपन्यांची मोफत सत्रं हा वेगळा प्रकार. तिथे मेनू शिकवतात आणि तो खरोखर नीट शिकवतात. बटणं कुठे, फोकसचे मोड कुठले, एवढ्यासाठी जरूर जा, फोटोग्राफीसाठी नको. सर्टिफिकेटचं म्हणाल तर लग्नाच्या किंवा प्रॉडक्टच्या स्टुडिओत ते कुणी मागत नाही, वीस फोटो दाखवा म्हणतात. मुंबईतली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. अशा संस्थेत एकमेकांच्या फोटोंची चिरफाड होते आणि ती कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त शिकवते.

चिरफाड कशी असावी? फोटो पुसट आलाय एवढं म्हणणं पुरेसं नाही. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहायचा. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला, शटरचा वेग वाढवा. मागचं झाड टोकदार आणि पळणारं पोर पुसट, तर पोर हललं, शटर आणखी वाढवा. पोर थांबलेलं, पण त्याच्या पुढचं गवत टोकदार, तर फोकस चुकला. इथे शटर वाढवून काहीही होणार नाही, फोकसचा ठिपका हलवायला हवा. तीन रोग, तीन औषधं. जो शिक्षक फोटो पाहून यातलं नेमकं एक सांगतो, त्याच्याकडे शिका. 'छान आहे, कंपोझिशनवर अजून काम करा' हे कुणालाही, कुठल्याही फोटोला सांगता येतं.

प्रोजेक्टरचा एक घोळ बाकी आहे. क्लासचा प्रोजेक्टर बहुतेक वेळा फिकट दाखवतो. त्यावर पाहून लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रंग चढवले की घरी मोबाइलवर नवरीचा शालू भडक आणि कातडी केशरी दिसते. एडिटिंगचा तास लॅपटॉपच्या पडद्यावरच व्हावा. लाइटरूमचे पैसे भरायचे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, शिकायला जरा किचकट आहे इतकंच.

ऑनलाइन रेकॉर्ड केलेले कोर्स एडिटिंगसाठी उत्तम, कारण थांबवून मागे जाता येतं. कॅमेरा हाताळण्यासाठी निरुपयोगी, कारण तुमचा फोटो तिथे कुणी बघत नाही. त्यातले काही क्लास आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर फोटो तपासून देतात आणि ते नुसत्या व्हिडिओंपेक्षा कितीतरी बरं. फक्त तिथे फोटो साधा जोडून पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओची नोंद पुसून टाकतं; मग शिक्षक तपासणार तरी काय? जोडताना 'डॉक्युमेंट' निवडा, फाइल जशीच्या तशी जाते.