लीड्स युनायटेड, चॅम्पियनशिप २०२४-२५: अख्खा सीझन काढल्यावरचा अनुभव

इथं लीड्समधे नवीन आलेली मराठी पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो, दादा इथं राहायचं म्हणजे लीड्सलाच सपोर्ट करायचा का, की आपलं लिव्हरपूल-आर्सेनल चालू ठेवायचं? दोन वाक्यात याचं उत्तर मला कधी देता आलं नाही, म्हणून आता सीझन संपल्यावर निवांत लिहितोय. ऑगस्ट ते मे, ४६ मॅच. त्यातल्या नऊ ग्राउंडवर जाऊन बघितल्या, काही टीव्हीवर, आणि बाकीच्या सगळ्या रेडिओवर. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या आमच्या गावातल्या दोन तालमींची मॅच असली की आमच्या घरात त्या दिवशी दुसरा विषय नसायचा. स्वतः पण खेळलो, गोलकीपर म्हणून, तालमीच्या ज्युनिअर पोरांत, पावसाळ्यात चिखलात आणि उन्हाळ्यात दगडासारख्या कडक मैदानावर. त्यामुळं फुटबॉल आपल्या गल्लीचा असतो, टीव्हीतला नसतो, हे डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलंय. २०२१ ला नोकरीसाठी इथं आलो, बीस्टनच्या बाजूला घर मिळालं, आणि पहिल्याच शनिवारी पांढरे टी-शर्ट घातलेली माणसं घरासमोरून एलंड रोडकडं, म्हणजे लीड्सच्या ग्राउंडकडं, चालत जाताना दिसली, म्हातारी, बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. मला एकदम पेठच आठवली. तिथंच ठरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चॅम्पियनशिप म्हणजे प्रीमियर लीगच्या खालची लीग. २४ टीम, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. पहिल्या दोन टीम सरळ वर जातात. २०२४-२५ ला तिसरी ते सहावी यांच्यात प्लेऑफ होतं आणि त्यातून एकच वर जाणार होती, वेम्बलीवर फायनल जिंकून. ऐकायला सोपं वाटतं. पण तिसरं येणं म्हणजे काय असतं ते मी २६ मे २०२४ ला वेम्बलीवर बघितलंय. ९० पॉइंट करून आम्ही तिसरे आलो होतो, ९० पॉइंटमधे एरवी माणूस आरामात वर जातो, आणि फायनलमधे साउथहॅम्प्टनकडून ०-१ हरलो. पहिल्या हाफमधेच अॅडम आर्मस्ट्राँगचा गोल, आणि नंतर तासभर नुसतं बघत बसायचं. परत येताना ट्रेनमधे कोणी कोणाशी बोललं नाही. माझ्या समोरच्या सीटवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी स्कार्फ तोंडाशी धरून झोपली होती आणि तिचा बाप खिडकीबाहेर बघत होता, तो चेहरा माझ्या डोक्यातून वर्षभर गेला नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे २०२४-२५ चा सीझन ऑगस्टमधे सुरूच झाला नाही, तो त्या ट्रेनमधे सुरू झाला. त्याच उन्हाळ्यात आर्ची ग्रे टॉटनहॅमला गेला, समरव्हिल वेस्ट हॅमला, रुटर ब्रायटनला. म्हणजे टीमचे जे तीन खेळाडू बघायला लोक जायचे तेच गेले. खाली राहिलं की पैशाचं गणित बसवायला विकावंच लागतं, हे कळतं, पण कळून उपयोग काय. पहिल्या मॅचला पोर्ट्समथबरोबर ३-३. मी ग्राउंडवर होतो. शिट्टी झाल्यावर मागचा माणूस एवढंच म्हणाला, हिअर वी गो अगेन.

आता रेडिओचं. शनिवारी दुपारी तीनच्या मॅच इंग्लंडमधे टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत, जुना नियम आहे, लोकांनी ग्राउंडवर जावं म्हणून. सीझन तिकिटाची वेटिंग लिस्ट हजारोंची, मेंबरशिप घेऊन तिकिटासाठी नाव टाकत राहायचं, लागलं तर लागलं. म्हणून मग रेडिओ लीड्स. आणि तो मी एकटा ऐकला नाही. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेत म्हणून ग्राउंडच्या पायऱ्या आता होत नाहीत. त्यांच्या किचनमधे टेबलावर एक जुना रेडिओ आहे, तो लावून आम्ही दोघं बसायचो. त्यांनी चहा करायचा, मी घरून काहीतरी न्यायचं, बायकोचे शेंगदाण्याचे लाडू त्यांना एवढे आवडले की नोव्हेंबरनंतर ते स्वतःहून विचारायला लागले. १९६४ ला मॅनेजर डॉन रेव्हीच्या टीमनं सेकंड डिव्हिजन, म्हणजे तेव्हाची दुसरी लीग, जिंकली तेव्हा हे पंधरा वर्षांचे. १९९० ला विल्किन्सनच्या वेळी वर गेले ते बघितलं, १९९२ ला सगळ्यात वरची लीग जिंकलेली बघितली, मग २००४ ला खाली, २००७ ला तर आणखी खाली तिसऱ्या लेव्हलला, वरच्या लीगच्या एकूण सोळा वर्षं बाहेर, आणि २०२० ला बिएल्सानं वर नेलं तेव्हा कोविड, ग्राउंड रिकामं. ती चार भिंतीत बसून बघितलेली गोष्ट त्यांना अजून सलते. म्हणाले, मी एवढं थांबलो आणि त्या दिवशी टाळी द्यायला पण शेजारी कोणी नव्हतं.

त्यांचा एक नियम होता, किचनमधे पॉइंट टेबल बोलायचं नाही. आजची मॅच बोलायची. मला हे सुरुवातीला जमायचंच नाही, कारण वर जायच्या शर्यतीत आपली मॅच जिंकून काम होत नाही ना, बर्नली काय करते, शेफील्ड युनायटेड काय करते, संडरलंड काय करते, सारखा मोबाईल. आपण २-० नं जिंकलो तरी मन त्या तिघांच्या स्कोरवर. या सीझनची सगळ्यात वाईट बाजू कुठली असं विचाराल तर ही. जिंकलेल्या मॅचचा आनंद दहा मिनिटंसुद्धा हातात राहत नाही.

हरलो फक्त चार वेळा, आणि चारही वेळा ०-१. बर्नली, मिलवॉल, ब्लॅकबर्न, पोर्ट्समथ. ब्लॅकबर्नचं वेगळंच वाटलं, कारण २०१० पासून त्या क्लबची मालकी आपल्या पुण्याच्या वेंकीजकडं आहे, आणि त्यांनी आमच्याकडून तिथं तीन पॉइंट घेतले आणि एक जानेवारीला आमच्याच घरी १-१ करून आणखी एक. आबांचा कोल्हापुरातून फोन, अरे पुण्याची टीम तुमचं चालू देईना व्हय? कोल्हापूरच्या माणसाला पुण्यानं अडवलेलं किती लागतं ते सांगायला नको.

फेब्रुवारी मात्र नाद खुळा होता. एक तारखेला घरी कार्डिफला ७-० हरवलं. मग १७ तारखेला सोमवारी रात्री संडरलंड घरी, आणि त्या मॅचचं तिकीट मला लागलं. अशी थंडी की बोटं कळत नव्हती. ०-१ मागं, वेळ संपत आली, आणि पास्कल स्ट्राइकनं हेडरवर बरोबरी केली आणि मग ९५ व्या मिनिटाला परत हेडर, २-१. मी शाहू स्टेडियमवर मोठा झालोय, गर्दीचा आवाज मला नवीन नाही, पण तो आवाज छातीतून आत गेला. अनोळखी माणसानं मला उचललं अक्षरशः. आठवड्यानं शेफील्डला जाऊन ३-१, तनाकाचा हेडर शेवटच्या मिनिटांत. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की जाणार आपण.

आणि मग मार्च. वेस्ट ब्रॉम १-१, पोर्ट्समथला हरलो, मिलवॉलला हरवलं, क्यूपीआर २-२, स्वान्झी २-२, आणि एप्रिलच्या सुरुवातीला लुटन १-१. सहा मॅचमधे एक विजय. इथं मला गोलकीपरबद्दल बोलायचंय, कारण सगळे त्याच्यावर घसरले आणि मला ते बघवलं नाही. इलान मेसलिए. ऑक्टोबरमधे संडरलंडला ९७ व्या मिनिटाला साधा वाटणारा बॉल टप्पा पडून भलतीकडंच वळला आणि आत गेला, दोन पॉइंट गेले. जानेवारीत हलला ३-३. शेफील्डला बॉल त्याच्याच अंगाला लागून आत. आणि २९ मार्चला स्वान्झीविरुद्ध आम्ही शेवटाला २-१ पुढं गेलो होतो, ९६ व्या मिनिटाला शॉट त्याच्या पायांमधून गेला. मी आणि आजोबा किचनमधे होतो. कॉमेंटेटरचा आवाज बदलला त्यावरूनच कळलं. आजोबांनी रेडिओ बंद केला, पहिल्यांदाच, शिट्टी व्हायच्या आत.

स्ट्रायकर पाच चान्स घालवतो आणि एक मारला की हिरो. कीपर चाळीस अडवतो आणि एक सुटला की तो एकच लोकांना आठवतो. मला आठवतंय, चौदा वर्षांचा असताना फायनलला माझ्या हातातून ओला बॉल निसटला होता, आणि घरी जाताना आमच्याच गल्लीतली माणसं मला बघून गप्प झाली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेसलिए या सीझनला पंचवीस वर्षांचा होता, २०२० ला क्लब वर गेला तेव्हा शेवटच्या मॅचना गोलमधे हाच पोरगा होता, वीस वर्षांचा. हे विसरून चालत नाही. पण हेही खरं की तेव्हा बदल करायलाच पाहिजे होता, आणि मॅनेजर फार्केंनी तो केला, उरलेल्या सात मॅचना कार्ल डार्लो. सात मॅचमधे तीन गोल खाल्ले. माझ्या मते अख्ख्या सीझनमधला सगळ्यात अवघड निर्णय तोच, आणि आणखी दोन-तीन आठवडे आधी झाला असता तर त्या पोराचेही हाल कमी झाले असते. फार्केंवर या काळात लोकांनी फार तोंडसुख घेतलं. हा माणूस नॉर्विचला दोनदा ही लीग जिंकून देऊन आलाय, त्याला ४६ मॅचचं अंतर कसं कापायचं ते ठाऊक होतं.

एप्रिल भराभर गेला. मिडल्सब्रोला डॅन जेम्सचा दुसऱ्याच मिनिटाला गोल आणि नंतर ८८ मिनिटं नुसता बचाव, १-०. प्रेस्टन २-१. ऑक्सफर्डला सोलोमनचा गोल, १-०. प्रत्येक मॅचनंतर आजोबा कॅलेंडरवर पेन्सिलनं एक बारीक टिंब करायचे, कसलं ते मी विचारलं नाही.

२१ एप्रिल, ईस्टर मंडे, स्टोक घरी. तिकीट लागलं. हाफ टाइमला ५-०, त्यात चार एकट्या जोएल पिरूचे, शेवटी ६-०. पण वर गेलो का नाही ते ठरणार होतं साडेपाचच्या मॅचवर, बर्नली विरुद्ध शेफील्ड युनायटेड. शेफील्ड जिंकले नाहीत तर आम्ही वर, आणि बर्नली जिंकली तर तीही वर. ग्राउंडबाहेर हजारो लोक थांबले होते, मित्र म्हणाला थांब, पण मी घरी पळालो, आजोबांच्या किचनमधे. ती मॅच टीव्हीवर होती तरी त्यांनी रेडिओच लावला. बर्नली २-१. शिट्टी झाली आणि बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, एक, मग दहा, मग मोजता येईनात. आजोबा उठले, टेबल धरून, आणि कोट शोधायला लागले.

गाडी जवळ नेताच येत नव्हती. लांब लावली आणि त्यांना हाताला धरून चाललो, दहा मिनिटांचा रस्ता आम्हाला पाऊण तास लागला. पिवळा-निळा धूर, पोरं बसस्टॉपवर चढलेली, आणि कोपऱ्यावर रेव्हीच्या टीमचा कॅप्टन बिली ब्रेमनर याचा पुतळा, त्याच्या अंगाखांद्यावर माणसं, गळ्यात स्कार्फच स्कार्फ. ब्रेमनरला आजोबांनी खेळताना बघितलंय. एका तरुण पोरानं त्यांना बघितलं आणि काही न बोलता बाजूला होऊन जागा करून दिली. ते पुतळ्याच्या चौथऱ्याला हात लावून उभे राहिले, बराच वेळ. मला म्हणाले, लॅड, या वेळी आहेत माणसं.

त्यानंतर ब्रिस्टल सिटी ४-०, आणि ३ मे ला प्लिमथ. बर्नलीची आणि आमची टायटलसाठी बरोबरी चाललेली. ०-१ मागं, न्योंटोनं बरोबरी केली आणि ९१ व्या मिनिटाला मानोर सोलोमन. दोघांचेही १०० पॉइंट, गोल डिफरन्सवर (मारलेले वजा खाल्लेले गोल) आम्ही पहिले. आणि तिसरी आली शेफील्ड युनायटेड, ९० पॉइंटवर, आमचे आदल्या वर्षी होते तेवढेच. २४ मे ला वेम्बलीवर तेही हरले, संडरलंडनं ९० मिनिटं झाल्यावर इंज्युरी टाइममधे गोल मारला. आमच्या ऑफिसात शेफील्डचा एक जण आहे. मंगळवारी कामावर आला तेव्हा त्याला मी काही बोललो नाही, कॉफी नेऊन ठेवली. त्या ट्रेनमधे मी बसून आलोय.

तर नवीन आलेल्या पोरांनो, घ्या. तुमचं लिव्हरपूल-आर्सेनल टीव्हीवर आहेच, ते कुठं जात नाही. पण जवळचा क्लब धरा, चालत जाता येईल असा, आणि शेजारी कोण ऐकतंय ते बघा. खर्च आहे, मंगळवारच्या रात्रीच्या मॅचनंतर सकाळी कामाला उठवत नाही, थंडीला दोन थर आतून घाला, घरच्यांना आधीच सांगून ठेवा की शनिवारी तीन ते पाच मी नसतो. पुढचं वर्ष कठीण असणार हे माहीत आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही सीझनला वर आलेल्या तिन्हीच्या तिन्ही टीम लगेच खाली गेल्या.

आबांचा परवा फोन होता. विचारत होते, आता वरच्या लीगमधे मॅच आपल्याकडं किती वाजता लागतील, म्हणजे जेवण त्या हिशोबानं करता येईल. आणि आजोबांच्या कॅलेंडरवर ऑगस्टच्या पानावर पेन्सिलनं एक टिंब आधीच आलंय.