कागदाचं चिन्ह टाकावं की कागदाचं नाव लिहावं?

आमच्या घरचे कागद तीन ठिकाणी फिरतात. आत्या खानापूर तालुक्यातल्या गावी, धाकटा भाऊ पुण्याला आणि मी बेळगावात. उतारा, घरपट्टीची पावती, उत्पन्नाचा दाखला, जे हातात येईल त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. कागद कन्नडमध्ये, आणि घरात कन्नड सरसर वाचणारी एकटी पुतणी. गेल्या पावसाळ्यात आत्यानं एक फोटो टाकला आणि खाली नुसतं 📄 हे इमोजी लावलं. भावाला वाटलं, पहाणी म्हणजे शेतजमिनीचा उतारा आला. रजा काढून आला, छापील प्रत घेऊन पीककर्जाच्या कामाला गेला आणि तिथं कळलं की ती घरपट्टीची पावती आहे. आत्याची त्यात काय चूक? तिनं कागद पाठवला आणि कागदाचंच चिन्ह लावलं.

तेव्हापासून मी या चिन्हांकडे नीट बघायला लागलो. तुमच्याही घरात कागद कन्नड आणि वाचणारे मराठी असतील, तर काय वापरायचं हे एकदा ठरवून टाका.

आधी 📄 आणि 📃. एकाचं पान सपाट, दुसऱ्याचं टोक वळलेलं. मोबाईलच्या पडद्यावर पन्नाशीपुढच्या डोळ्यांना हा फरक दिसतच नाही. दोन्ही २०१० च्या युनिकोड ६.० पासून (युनिकोड म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या अक्षरांची आणि चिन्हांची जागतिक यादी) आहेत, म्हणून जुन्या फोनवरही उमटतात, पण 'कागद आहे' याच्या पलीकडे काही सांगत नाहीत. फोटो समोर असताना तेवढं तर कुणालाही कळतं. ही दोन्ही मी सोडून दिली.

🧾 मात्र खरंच कामाचं आहे. पावतीचा दातेरी काठ लगेच ओळखू येतो आणि पैसे भरले गेले हे न वाचता समजतं. वीजबिल, घरपट्टी, सोसायटीचा हप्ता, सगळ्याला चालतं. 📝 मध्ये पेन्सिल आहे, त्यामुळे ते बघितलं की काहीतरी भरायचं किंवा सही करायची आहे असं वाटतं. आमच्याकडे कोऱ्या अर्जाला तेच लावतो. 🪪 हे ओळखपत्राचं चिन्ह २०२१ चं. जुन्या फोनवर साध्या एसएमएसमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. आणि आधारचा फोटो ग्रुपवर टाकायची वेळ आलीच, तर चिन्हाचा विचार नंतर करा. आधी ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ते मास्क्ड आधार डाउनलोड करून घ्या.

आता शब्दांची बाजू. ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तूमधून, म्हणजे मिळकतींच्या ऑनलाइन नोंदींतून, घराचे फॉर्म ९ आणि फॉर्म ११ निघतात. दोन्ही कागद, दोन्ही घराचेच. यांतला फरक कुठल्या चिन्हानं दाखवाल? तिथं '९' आणि '११' असे आकडेच लिहावे लागतात. शोधायला गेलात तरी तेच. फाईल आली तर तिचं नाव बहुतेक वेळा तारीख आणि नंबरांची माळ असते, आणि फोटो काढून पाठवला असेल तर तो व्हॉट्सअ‍ॅपच्या 'डॉक्स' यादीत न जाता लग्नाच्या फोटोंत मिसळतो. फोटोखाली 'पहाणी' लिहिलेलं असेल तर सहा महिन्यांनी तो शब्द टाकून सापडतो. फक्त त्याच कागदाला घरात एकानं उतारा, दुसऱ्यानं पहाणी, तिसऱ्यानं आरटीसी लिहिलं की शोध पुन्हा फसतो. एकच शब्द ठरवा. मी 'पहाणी' म्हणेन, कारण नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयात, बोलतानाही तोच चालतो.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडचे कागदाचे शब्द दोन्ही भाषांचे आहेत. अर्जाला कन्नडमध्ये अर्जी, पावतीला रशीदी, आणि कागद तर कागदच. म्हणून कन्नड माणसाशी व्यवहार असला की चिन्हच लागतं हे मला पटत नाही. कॉम्प्युटर सेंटरवाल्याला मी फोटो पाठवून 'अर्जी' एवढंच लिहितो, आणि त्याला कळतं.

मग चिन्हं कुणासाठी? ज्याला कुठलीच लिपी सोपी नाही त्याच्यासाठी. आत्याला टायपिंग जमत नाही, पण 🧾 आणि 📝 तिनं दोन दिवसांत ओळखायला सुरुवात केली. ती चिन्ह लावते, मग आम्ही कुणीतरी त्याच फोटोला उत्तर म्हणून नाव आणि सर्व्हे नंबर लिहितो. ही पद्धत चांगली चालली आहे. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन चिन्हाचं नाव मोठ्यानं वाचतो, म्हणून ओळीनं पाच-सहा चिन्हं लावू नका. ऐकणाऱ्याला ते फार तापदायक होतं. आणि तलाठी किंवा तहसीलदार यांना पाठवायच्या मजकुरात एकही चिन्ह नको, तिथं पूर्ण वाक्य लिहा.

चिन्ह टाकलं की एसएमएस नेहमीच आखूड होतो, असा एक गैरसमज आहे. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा असतो आणि एक चिन्ह टाकलं की तो ७० वर येतो, हे खरं. पण देवनागरीत लिहिलेला मेसेज मुळातच ७० चा असतो. तिथं चिन्हानं फक्त दोन जागा जातात.

एक चिन्ह मी वेगळं राखून ठेवलं आहे: 📜. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीचे आजोबांच्या वेळचे मराठी कागद आमच्या पेटीत आहेत, काही मोडीतले. घडीवर फाटत आले आहेत. दर रविवारी पुतणी त्यांतला एकेक उलगडून फोटो काढते. त्या फोटोंखाली 📜, साल आणि सर्व्हे नंबर. नव्या कागदांना ते चिन्ह घरात कुणी लावायचं नाही असं ठरलं आहे.